शिसे काढले, आता सोल्डर कसे धरायचे?

मित्रहो, आज समोर ओतकामवाले आहेत, मशीनशॉप चालवणारे आहेत आणि पॉलिटेक्निकची मुलेही आहेत, म्हणून थेट फिटिंगपासूनच सुरुवात करतो. पिण्याच्या पाण्याच्या लाइनीत बसणारे फिटिंग शिशाशिवाय बनवायचे आहे, आणि ते साइटवर प्लंबरला सहज सोल्डर करता, म्हणजे कथलाची मिश्रधातू वितळवून नळीला जोडता, आले पाहिजे. पहिल्या अटीवर भरपूर काम झाले आहे. दुसऱ्या अटीकडे कारखान्यातल्या लोकांचे लक्ष कमी जाते, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

हा प्रश्न मुख्यतः अमेरिकेतला. तिथे घराघरांत तांब्याची पाइपलाइन सोल्डरने जोडतात. आपल्याकडे तशी लाइन क्वचितच दिसते, आपण जीआय (जस्त चढवलेले लोखंड) आणि सीपीव्हीसी (प्लास्टिक) वाले. पण जामनगरसारख्या ठिकाणाहून पितळी भाग परदेशी जातात, म्हणून तिथला कायदा इथल्या भट्टीपर्यंत येऊन पोहोचतो.

१९८६ मध्ये अमेरिकेने पेयजल सुरक्षा कायद्यात दुरुस्ती केली. सोल्डर आणि फ्लक्समध्ये (जोडण्याआधी पृष्ठभाग साफ करायला लावतात त्या लेपात) शिसे ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि फिटिंगमध्ये ८ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असे ठरले. आठ टक्के! नळाच्या कामात तेव्हा सर्रास चालणारी एक मिश्रधातू म्हणजे तांबे ८१, कथील ३, शिसे ७, जस्त ९. सात टक्के शिशाचे हे फिटिंग कायद्याच्या भाषेत 'शिसेमुक्त' म्हणून विकता येत होते. मग २०१० च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाने मर्यादा ०.२५ टक्क्यांवर आणली आणि ४ जानेवारी २०१४ पासून ती देशभर लागू झाली. लहान मुलांच्या बाबतीत शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे डोळ्यांसमोर ठेवले की आठवरून पाव टक्क्यावर येणे अजिबात जाचक वाटत नाही. उशीरच झाला.

हे ०.२५ टक्के म्हणजे पाण्याला लागणाऱ्या पृष्ठभागांची भारित सरासरी. समजा, फिटिंगच्या आतल्या ओल्या पृष्ठभागाचा ९० टक्के भाग ०.१ टक्के शिशाच्या धातूचा आहे आणि १० टक्के भाग, म्हणजे एखादी स्पिंडल (आतला फिरणारा दांडा), १.५ टक्क्यांच्या धातूची आहे. सरासरी येते ०.०९ अधिक ०.१५, म्हणजे ०.२४. पास. स्पिंडल दोन टक्क्यांची घेतली तर ०.२९, नापास. डिझाइन करणाऱ्याने हा हिशेब पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) बनवण्याआधी मांडावा.

आता शिसे तिथे काय करत होते ते पाहू, कारण ते कुणी चुकून घातलेले नव्हते. शिसे तांब्यात जवळजवळ विरघळत नाही. धातू थिजताना त्याचे बारीक बारीक थेंब सुटे राहतात. लेथवर टूल लागले की याच थेंबांपाशी चिप, म्हणजे कापताना निघणारी धातूची पट्टी, तुटते. फ्री-कटिंग पितळेत सुमारे तीन टक्के शिसे घालतात ते यासाठीच. ओतकामात शिसे सगळ्यांत शेवटी, ३२७ अंशांना थिजते, त्यामुळे आकुंचनाने पडलेली सूक्ष्म छिद्रे ते भरून काढते आणि फिटिंग प्रेशर टेस्टला गळत नाही. कापायला सोपे आणि पाण्याला घट्ट, दोन्ही कामे एकच धातू करत होता, तेही स्वस्तात.

पर्याय मुख्यतः दोन निघाले. पहिला बिस्मथ. शिशाच्या शेजारचा, २७१ अंशांना वितळणारा, तोही तांब्यात विरघळत नाही, म्हणून चिप तोडतो आणि छिद्रेही भरतो. त्याच्या जोडीला थोडे सेलेनियम घातलेल्या मिश्रधातू १९९० च्या दशकात पुढे आल्या. सोल्डर या धातूंवर चांगले धरते. फक्त ब्रेझिंगच्या (सोल्डरपेक्षा खूप जास्त उष्णतेवरच्या जोडणीच्या) तापमानाला नेले तर कणांच्या सीमांवरचे बिस्मथ वितळलेले असते आणि तडे जाऊ शकतात.

दुसरा पर्याय सिलिकॉन. साधारण ७५ टक्के तांबे, ३ टक्के सिलिकॉन, चिमूटभर फॉस्फरस आणि बाकी जस्त. ही धातू ताकदीला उत्तम, डीझिंकिफिकेशनला (पाण्यात पितळेतले जस्त झिजून जाण्याला) दाद न देणारी, आणि तिच्यातले कठीण कण लेथवर चिप तोडून देतात. आटे असलेल्या फिटिंगसाठी मी स्वतः हीच निवडीन. पण सॉकेटला एमरी मारा, फ्लक्स लावा, गॅसचा टॉर्च धरा, आणि सोल्डर आत ओढले जाण्याऐवजी गोळ्या होऊन काठावर थांबते.

असे का होते? आपल्यापैकी अनेकांनी कल्हई होताना पाहिली असेल. तापलेल्या तांब्याच्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर निघतो, तांबे लख्ख होते आणि कापसाच्या बोळ्याखाली कथील सरसर पसरते. नवसागराने तांब्यावरचा ऑक्साइडचा थर खाल्लेला असतो. ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र कल्हई होत नाही, कारण त्याचा ऑक्साइड नवसागराला दाद देत नाही. सिलिकॉनचे तसेच आहे. धातू तापली की सिलिकॉन पृष्ठभागावर ऑक्सिजन पकडतो आणि सिलिकाचा पातळ, चिवट थर तयार होतो. प्लंबरच्या डबीतला फ्लक्स तांब्याचे आणि जस्ताचे ऑक्साइड विरघळवतो, सिलिका विरघळवत नाही. ती काढायला फ्लोराइडयुक्त आम्ल लागते, आणि ते कुणाच्या घराच्या तळघरात गुडघ्यावर बसलेल्या माणसाच्या हातात कधीही देऊ नये.

दुसरे कारण उष्णतेचे. सिलिकॉन पितळेची उष्णतावाहकता तांब्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ज्योत एका बाजूला लागली की ती बाजू तापते, पलीकडची थंडच राहते. प्लंबर आणखी ज्योत देतो, फ्लक्स जळून काळा पडतो, आणि मग काहीच धरत नाही. त्यात सोल्डरही बदललेले. जुने अर्धे शिसे, अर्धे कथील असलेले सोल्डर १८३ अंशांपासून २१५ च्या आसपासपर्यंत लापशीसारखे असायचे, फट भरायला वेळ द्यायचे. आताचे ९५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनीचे सोल्डर २३३ ते २४० अंशांत एकदम वितळते. चुकीला जागाच उरली नाही. अशा वेळी फिटिंग गळले की दोष प्लंबरच्या हाताला दिला जातो, आणि हे मला मनापासून अन्यायाचे वाटते.

माझे म्हणणे एवढेच आहे की ही अडचण साइटवरून उचलून कारखान्यात आणा. फिटिंगच्या अंगाला हवी ती धातू वापरा, पण सॉकेटचा पृष्ठभाग सोल्डरसाठी वेगळा तयार करा. आम्लाचे काम नियंत्रित टाकीत, सांडपाण्याच्या प्रक्रियेसह, प्रशिक्षित माणसांकडून होऊ द्या. सिलिका निघाली की लगेच सॉकेटवर तांब्याचा थर चढवा. मग प्लंबरपुढे येते ते तांबेच, त्याच्या ओळखीचे. वर कथील द्यायचे असेल तर तेही चालते, पण पितळेवर थेट कथील नको. खालचे जस्त पातळ कथलातून वर येते आणि गोदामात पडल्या पडल्या पृष्ठभाग निस्तेज होतो. मध्ये तांब्याचा किंवा निकेलचा थर हवाच. कथलाचा थर फार पातळही नको, कारण तांबे आणि कथील साठवणीत एकमेकांत मिसळत राहतात आणि जो संयुगाचा थर बनतो त्यावर सोल्डर नीट धरत नाही.

क्रमाकडेही लक्ष द्या. पृष्ठभाग तयार झाल्यावर फिटिंग हवेत तापवू नका. ताण घालवण्यासाठी तापवायचे असेल तर मशीनिंगच्या आधी. आणि सॉकेटचे माप सैल सोडू नका. नळी आणि सॉकेट यांच्यातली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असली तरच केशाकर्षणाने सोल्डर आत जाते.

साधे एल्बो आणि टी असतील तर इतके करूच नका. शुद्ध तांब्याच्या नळीतून ते घडवता येतात, त्यात शिशाचा प्रश्नच नाही आणि सोल्डर डोळे मिटून धरते. ओतकाम ठेवा ते व्हॉल्व्हच्या बॉडीसाठी, एका बाजूला आटे असलेल्या अडॅप्टरसाठी, म्हणजे जिथे आकारच तसा आहे तिथे.

तपासणी प्रयोगशाळेच्या कागदावर थांबवू नका. प्रत्येक नव्या बॅचमधून काही फिटिंग घ्या, काही महिने पडून राहिलेलीही घ्या, नेहमीचा फ्लक्स आणि नेहमीचा टॉर्च वापरून जोडा, आणि जोड करवतीने उभा चिरा. दोन्ही भाग उकलून पाहा. चांगल्या जोडात राखाडी पांढरा पट्टा सॉकेटच्या तळापर्यंत सलग जातो. वाईट जोडात तपकिरी डाग दिसतात, तो अडकलेला फ्लक्स, आणि डागाच्या कडेला सोल्डर मागे सरून गोल झालेले दिसते. डाग सगळे एकाच बाजूला असतील तर उष्णतेकडे बघा, सगळीकडे विखुरलेले असतील तर पृष्ठभागाकडे. गळती पाण्याच्या चाचणीत दिसेलच असे नाही, फ्लक्सचा डाग ती काही काळ दाबून ठेवतो.

शेवटचे, ओतकामवाल्यांसाठी. बिस्मथ पितळेचा बुरा (लेथवरचा कीस) आणि सिलिकॉन पितळेचा बुरा यांची पिंपे वेगळी, झाकणे वेगळी, फावडीही वेगळी ठेवा. शुद्ध तांब्यात बिस्मथ टक्क्याच्या हजाराव्या भागांत गेले तरी ते गरम घडणीत फुटते. शिशाच्या जुन्या कांस्यात सिलिकॉन मिसळला तर ओतकाम गळते. आणि बिस्मथ, शिसे, कथील एकत्र आले तर १०० अंशांच्याही खाली वितळणारे मिश्रण बनू शकते, म्हणून जुन्या शिशाच्या सोल्डरचा भंगार नव्या भट्टीत अजिबात येऊ देऊ नका. आता प्रश्न असतील तर विचारा.