मूर्तीच्या वजनाइतकी पावडर

[घाट. निळं पिंप, पाण्यात बुडालेली मूर्ती. कॅमेरा फेसाजवळ.]

पिंपातला हा बारीक आवाज ऐका. मूर्तीच्या खांद्यावरून, सोंडेवरून बुडबुडे सुटतायत. तो कार्बन डायऑक्साइड आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसचा गणपती नदीत न सोडता इथेच विरघळावा, म्हणून पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घातलंय. बेकरीत बिस्किटं फुलवायला वापरतात, तेच. नाकाला झोंबतो तो अमोनिया, म्हणून ही मुलं मास्क लावून उभी आहेत.

मुलं रसायनशास्त्राच्या एमएस्सीची. आज गौरी-गणपतींचं विसर्जन. पुण्यात मुठेकाठच्या या घाटावर ती दुपारपासून आलीयत. याचं मानधन नाही, आणि मार्कही नाहीत.

[प्रयोगशाळा. ब्युरेटची तोटी धरलेला हात.]

घाटावरच्या कामाची तयारी झाली ती इथे, प्रॅक्टिकल संपल्यावरच्या वेळात. पहिल्या वर्षाची बरीच मुलं बीड, परभणी, नंदुरबारकडची. बीएस्सीला एका ब्युरेटभोवती, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायच्या काचनळीभोवती, आठ-दहा जण, त्यामुळे तोटी स्वतःच्या हाताने फिरवायची पाळी क्वचितच आलेली. आणि इथे आल्यावर सगळं एकदम इंग्रजीतून. भरल्या वर्गात उठून ‘सर, कळलं नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही, पण सिनिअर ताईला, दादाला विचारता येतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींनी हे ओळखलं आणि एकेकाने दोन-दोन ज्युनिअर वाटून घेतले. शिकवायचं मराठीतून, तास संपल्यावर.

[चंचुपात्रातलं द्रावण. लालसर, मग जांभळं.]

इथला प्रश्न साधा आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात का विरघळत नाही? तासभर ढवळून गाळलेलं हे पाणी. त्यात प्लास्टरमधलं कॅल्शियम किती उतरलं, ते मोजायचंय. ब्युरेटमधून थेंब सोडत जायचं, रंग निळा झाला की मोजणी पूर्ण. “हळू सोड. जांभळं दिसलं की अर्धा-अर्धा थेंब,” ताई सांगते.

[निळा रंग. मुलीचा चेहरा. निवेदन थांबतं.]

उत्तर आलं. कॅल्शियमवरून हिशेब केला, तर लिटरभर पाण्यात प्लास्टर विरघळतं जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. म्हणजे दोन किलोची मूर्ती विरघळायला हिशेबाने आठशे ते हजार लिटर पाणी लागेल, आणि घरातल्या बादलीत मावतं पंधरा-वीस लिटर. नदीत तरी काय होतं? वरचा रंग सुटतो, अंग तसंच राहतं. पाणी ओसरलं की हात, मुकुट, सोंडा काठावर उघड्या पडतात. ही मुलं चिडतात ती नेमकी यावर, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे.

[फळ्यावर समीकरण.]

यावरचा उपाय पुण्यातच निघाला, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. मोहन डोंगरे आणि शुभांगी उंबरकर या शास्त्रज्ञांनी अमोनियम बायकार्बोनेटची ही पद्धत दिली. पुणे महापालिका गणपतीत ही पावडर लोकांना मोफत देते. पण द्यायची किती? मोलचा हिशेब, म्हणजे कणांच्या संख्येवरून पदार्थांची वजनं काढायची रीत, इथे कामाला येतो. पाणी पिऊन घट्ट झालेलं प्लास्टर म्हणजे जिप्सम. त्याच्या १७२ ग्रॅमला बायकार्बोनेट लागतं १५८ ग्रॅम. म्हणजे दोन किलोच्या मूर्तीला साधारण एक किलो ८४० ग्रॅम. परभणीकडचा जो मुलगा पहिल्या आठवड्यात मोल म्हटलं की वही मिटायचा, त्यानेच हा आकडा फळ्यावर काढला. घाटावर सांगायचं वाक्यही त्याचंच: मूर्तीच्या वजनाइतकी पावडर.

[घाट. गर्दी, टाळ. पाटावर गणपती घेऊन आलेल्या आजी.]

“पिंपात? अन् नदी?” आजींचा प्रश्न. मुलगा वाकून बोलतो. “आजी, आरती इथेच करू. मूर्ती पुरती बुडेल, मी स्वतः सोडतो. उद्या-परवा येऊन बघा, बाप्पा पूर्ण विरघळलेले असतील.” त्याला समीकरण पाठ आहे, पण इथे तो ते काढत नाही. आजींना समजून घ्यायचंय ते वेगळं, आणि त्याला ते कळतं.

[आरती. निवेदन नाही.]

[दुसरा दिवस. पिंपाच्या तळाशी पांढरा गाळ.]

तळाशी बसलाय तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, शेतकऱ्यांच्या ओळखीचं खत. पाणी पातळ करून झाडांना घालता येतं. मूर्तीचा रंग भडक रासायनिक असेल तर मात्र घालू नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींना मनाई होती, तरी त्या घराघरांत येतच राहिल्या.

[पिंपं धुणारी मुलं.]

घरी करायचं असेल तर प्लास्टिकची बादली घ्या, गॅलरीत ठेवा, दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत नको. मूर्ती पूर्ण बुडेल इतकं पाणी घ्या, पावडर थोडी थोडी घाला आणि अधूनमधून ढवळा. आणि पुढच्या वर्षी मूर्ती शाडूची आणा, असं ही मुलं प्रत्येकाला सांगतात, पावडरीची पिशवी हातात देतानाच.