सप्लाय चेनमध्ये एमबीए म्हणजे ट्रकच मोजायचे ना?

[कोल्हापूरजवळची गोकुळ शिरगाव एमआयडीसी. मागं ट्रकमध्ये कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, भरतायत.]

रामराम मंडळी. सप्लाय चेन म्हणजे कच्च्या मालापासून गिऱ्हाइकापर्यंत माल पोचवायची साखळी. आमचा आतेभाऊ परवा म्हणाला, "दादा, सप्लाय चेनमध्ये एमबीए म्हणजे शेवटी ट्रकच मोजायचे ना?"

मोजायचेच की! मी दोन वर्षं तेच केलंय, एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, डिस्पॅचला. ऑगस्ट २०१९. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर, आणि आमची गाडी अलीकडं. भरलेली, चलन तयार, ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्याच्या सरकारी कागदाची, मुदत संपत आलेली. पुण्याच्या गिऱ्हाइकाचा तासाला फोन: "गाडी कुठं आहे? लाइन थांबेल आमची." काय सांगणार?

पाणी ओसरल्यावर मालक म्हणाले, "पुण्यात थोडा माल ठेवायला पाहिजे होता." थोडा म्हणजे किती, हे ऑफिसात कुणालाच सांगता येईना. जास्त ठेवला तर पैसा अडकतो, कमी ठेवला तर गिऱ्हाईक जातं.

हे 'किती' काढायला या डिग्रीत शिकवतात. समजा, मागणी रोज वरखाली होतेय आणि माल पोचायचा वेळ चौपट झाला. राखीव साठा किती वाढवायचा? चौपट नाही, दुप्पट. वर्गमुळाचा हिशेब आहे. पण हे सूत्र रोजच्या चढउताराचं. महापूर त्यात बसत नाही. पुरासाठी नदीपलीकडं गोडाऊन लागतं, आणि त्याचं भाडं वर्षभर कशाला भरायचं हे मालकाला पटवावं लागतं. त्याला सूत्र नाही, जीभ लागते.

वर्गात एक खेळ खेळवतात, बीअर गेम. अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेला. खूश होऊ नका, प्यायला काही मिळत नाही. चार जण असतात: दुकानदार, होलसेलर, डिस्ट्रिब्युटर, कारखाना. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढं सरकवायची. गिऱ्हाईक आठवड्याला ४ पेट्या मागत असतं, ते ८ मागायला लागतं आणि तिथंच थांबतं. बदल एवढाच. पण दुकानदार घाबरून जादा मागवतो, होलसेलर त्यावर आणखी चढवतो, कारखान्यापर्यंत आकडा पार सुटलेला असतो. मग सगळा माल एकदम येतो, तोवर तो कुणालाच नको असतो. याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. चाबकाची मूठ जराशी हलते, टोक सपकन फिरतं. आपल्याकडं टोकाला फाउंड्री असते: या महिन्यात रात्रपाळी, पुढच्या महिन्यात भट्टी थंड.

कुठं शिकायचं? मुंबईचं नीटी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालं. तिथं ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनचं एमबीए आहे, त्यासाठी कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. राज्यातल्या बाकी बऱ्याच कॉलेजांना एमबीए सीईटी. तिथं कोर्सच्या भारी नावावर जाऊ नका. इन्व्हेंटरीचं, म्हणजे साठ्याचं, गणित हातानं किती करून घेतात, ते शिकणाऱ्या पोरांना विचारा. फी भरायच्या आधी आवड तपासायची असेल तर अमेरिकेतल्या त्याच एमआयटीचा मायक्रोमास्टर्स नावाचा कोर्स ऑनलाइन आहे. स्टॅटिस्टिक्स घाम काढतं, सांगून ठेवतो.

आतेभावाला मी सोमवारपासून इथं ओळखीनं डिस्पॅचला लावलाय. पहिल्याच दिवशी म्हणाला, "दादा, गाडी अर्धी रिकामी चाललीय!" रिकामी नाही बाबा. कास्टिंग आहे, जागा भरायच्या आधी वजन भरतं. विश्वास बसेना, म्हणून आता वजनकाट्यावर पाठवलाय.

[कॅमेरा गेटकडं.]

तो बघा, पावती घेऊन येतोय.