उंचीपेक्षा वळण अवघड

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या शेजारी नववीत शिकणारा एक मुलगा आहे. काही दिवसांपूर्वी संध्याकाळी तो घरी आला आणि मोबाईलवरची एक चित्रफीत त्याने माझ्यासमोर धरली. सौदी अरेबियात रियाधजवळ किद्दिया येथे ३१ डिसेंबर २०२५ रोजी सुरू झालेल्या थीम पार्कातील ‘फाल्कन्स फ्लाइट’ नावाची ती रोलर कोस्टर होती. तुवैक नावाच्या उभ्या कड्यावरून खाली झेपावणारी, १९५ मीटर उंचीची, ताशी २५० किलोमीटर वेगाची आणि सव्वाचार किलोमीटर लांबीची अशी ही गाडी आहे, म्हणजे उंची, वेग आणि लांबी हे तिन्ही विक्रम तिने एकाच वेळी आपल्या नावावर केले. मुलगा म्हणाला, “काका, हा कडा आपल्या साताऱ्याजवळच्या यवतेश्वरासारखाच दिसतोय की! मग असलं काही आपल्याकडे का नाही करत?”

मी आयुष्यभर स्थापत्य अभियांत्रिकी शिकवली असल्यामुळे असा प्रश्न हसण्यावारी नेणे मला जमत नाही. शिवाय प्रश्न चांगला आहे. कोयनेच्या धरणाची उंची १०३ मीटर आहे, म्हणजे धरणावर जवळजवळ दुसरे धरण रचावे इतक्या उंचीची ही गोष्ट आहे. तेव्हा विक्रमी रोलर कोस्टरची आखणी आणि उभारणी कशी होते, हे आज आपल्यासमोर मांडतो.

आरंभ उंचीपासूनच करू, कारण जाहिरातीत तीच मोठ्या अक्षरात छापली जाते. खरे म्हणजे उंचीचा हिशोब दहावीच्या विद्यार्थ्यालाही करता येतो. वरून सुटलेल्या गाडीचा वेग तिच्या वजनावर अवलंबून नसतो, तो केवळ उंचीवर अवलंबून असतो. आणि वेग दुप्पट हवा असेल तर उंची चौपट करावी लागते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात २००५ साली सुरू झालेली ‘किंगडा का’ १३९ मीटर उंच होती. हवेचा आणि चाकांचा अडथळा शून्य धरला, तरी तितके उंच चढण्यासाठी गाडीला पायथ्याशी ताशी १८८ किलोमीटर वेग हवा. प्रत्यक्षात तिला साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर वेग दिला जात असे, आणि जास्तीचा वेग हवा कापण्यात, चाके फिरवण्यात व माथा ओलांडण्यात खर्ची पडत असे. हा वेग देण्यासाठी नायट्रोजन वायूच्या दाबाखाली ठेवलेले तेल एकदम मोकळे करून एक अजस्र रहाट फिरवला जाई आणि त्याला गुंडाळला जाणारा तारेचा दोर गाडीला ओढून नेई.

गंमत अशी की हा हिशोब कधी कधी थोडा चुकत असे. समोरून वारा असला किंवा हवा थंड असली, की गाडी माथ्याजवळ पोहोचता पोहोचता दमायची आणि आली त्याच वाटेने मागे घसरायची. आखणी करणाऱ्यांनी ही शक्यता आधीच गृहीत धरली होती. गाडी पुढे निघून गेली, की मागच्या रुळावर ब्रेकची पाती आपोआप वर येत आणि मागे येणाऱ्या गाडीला अलगद थांबवत. आत बसलेल्या उतारूंना तर एका तिकिटात दोन फेऱ्या मिळाल्याचा आनंद होत असे.

रोलर कोस्टरचा इतिहास मी थोडक्यात सांगतो. १८८४ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसन यांनी लाकडी उतारावर जी गाडी सुरू केली, तिचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सायकलपेक्षाही कमी होता. १९१९ साली जॉन मिलर यांनी रुळाच्या खालूनही चाक लावण्याचे पेटंट घेतले. माझ्या मते या व्यवसायातील सर्वांत मोठा शोध तोच. रुळाच्या वर एक चाक, कडेला एक आणि खाली एक, अशा तीन चाकांनी रूळ मुठीत धरल्यासारखा धरला, की गाडी उलटी झाली तरी सुटत नाही. १९५९ साली डिस्नेलँडमध्ये पोलादी नळीचा रूळ आला आणि लाकडाचे बंधन संपले. त्यानंतर ओहायोतील सीडर पॉइंट या एकाच पार्कने १९८९ साली दोनशे, २००० साली तीनशे आणि २००३ साली चारशे फुटांची मर्यादा ओलांडली.

आता वळणाकडे येतो. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर जे ‘एस’ वळण लागते, ते आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तेथे आजवर किती वाहने उलटली असतील आणि किती कुटुंबे उघड्यावर पडली असतील, हे सांगण्याची गरज नाही. त्या वळणाचा दोष केवळ ते वाकडे असण्यात नाही. उतारावर वेग वाढलेला असताना एका बाजूचे वळण पुरते संपण्याआधीच विरुद्ध बाजूचे वळण सुरू होते, आणि वाहनातील माल किंवा माणूस एका बाजूला कललेला असतानाच दुसरीकडे फेकला जातो. म्हणूनच ते वळण टाळण्यासाठी नवा सहापदरी बोगदा हाती घ्यावा लागला. रोलर कोस्टरची आखणी करणाऱ्यासमोर हाच प्रश्न असतो. फरक इतकाच की त्याचे वळण आडवे तसे उभेही असते, आणि त्याला ते टाळता येत नाही, कारण लोक वळणासाठीच पैसे मोजतात.

१८९५ च्या सुमारास कोनी आयलंडवर उभ्या रिंगणातून जाणारी एक गाडी चालत असे. तिचे रिंगण अगदी वर्तुळाकार होते. कागदावर वर्तुळ फार सुबक दिसते, पण सरळ रुळावरून गाडी वर्तुळात शिरते त्या क्षणी उतारूवरचा भार एकदम वाढतो. माथ्यावर गाडी जेमतेम चिकटून राहील इतकाच वेग धरला, तरी तळाशी माणसाला आपल्या वजनाच्या सहापट भार सोसावा लागतो, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाची मान तीनशे किलोच्या माणसाचे डोके सावरत असल्यासारखी होते. त्या गाडीत लोकांच्या माना दुखावल्या आणि अशी रिंगणे बरीच वर्षे मागे पडली. १९७६ साली कॅलिफोर्नियात जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगल आणि कारखानदार आंटोन श्वार्झकॉफ यांनी वर्तुळ टाकून दिले आणि अश्रूच्या थेंबासारखे रिंगण उभारले. त्याच्या तळाशी वेग जास्त म्हणून वाकाची त्रिज्या मोठी, आणि माथ्याशी वेग कमी म्हणून ती लहान. या वक्राला क्लोथॉइड म्हणतात. श्रोतेहो, हा वक्र काही परका नाही. पुणे–मिरज मार्गावर आदर्कीच्या घाटातून आपण रेल्वेने गेला असाल, तर सरळ रूळ वळणात कधी शिरला हे अंगाला कळतही नाही, कारण रेल्वेचे अभियंते सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये याच जातीचा, हळूहळू आवळत जाणारा तुकडा घालतात.

वेग वाढला की वाकाची त्रिज्या किती वाढते, ते पाहण्यासारखे आहे. उताराच्या तळाशी उतारूवर त्याच्या वजनाच्या चौपटीपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही असे ठरवले, तर खोपोलीजवळच्या पार्कातील ‘नायट्रो’सारख्या, ताशी सुमारे १०५ किलोमीटर वेगाच्या गाडीला साधारण २९ मीटर त्रिज्येचा वाक पुरतो. ताशी २०० किलोमीटरला तो १०५ मीटर होतो, आणि २५० ला जवळजवळ १६५ मीटर. म्हणजे वेग अडीच पटीहून थोडा कमी वाढला, पण जागा साडेपाच पट लागली. विक्रमाची खरी किंमत येथे कळते. शिखर उभे करायला पोलाद लागते. ते पोटाला आणि मानेला सोसवेल अशा रीतीने जमिनीवर आणायला शेतेच्या शेते लागतात.

पोटाचा विषय निघालाच आहे, तर ‘पोटात गोळा येतो’ असे आपण जे म्हणतो त्याचेही कारण सांगतो. माथा ओलांडताना रूळ खाली वळतो, पण आपले शरीर आधीच्याच वाटेने पुढे जाऊ पाहते. बैठकीचा आधार क्षणभर सुटतो, आणि पोटातील जे अवयव एरवी एकमेकांवर टेकलेले असतात ते सैल होतात. आखणी करणारा हा गोळा मोजून देतो. किती भार किती सेकंद सोसायला लावायचा याची कोष्टके अमेरिकी आणि युरोपीय मानकांत ठरलेली आहेत. पाचपट भार अर्धा सेकंद चालतो, पण तोच काही सेकंद टिकला तर डोळ्यांपुढे अंधारी येते.

उभारणी मात्र आपल्या ओळखीची कामे घेऊनच होते. आधी जमिनीत भोके घेऊन खडक कोठे लागतो ते पाहतात, मग पाये भरतात, आणि पायांतून वर येणारे बोल्ट सर्वेक्षणाच्या यंत्राने मिलिमीटरपर्यंत जुळवतात. रूळ जागेवर वाकवत नाहीत. कारखान्यात तो तुकड्या-तुकड्यांनी वाकवून, जोडून आणि रंगवून येतो, आणि क्रेनने उचलून बोल्टांनी बसवला जातो. तेव्हा पाया जर बोटभर सरकला असेल, तर आकाशात शंभर मीटरवर टांगलेला तुकडा बसतच नाही. त्यात उन्हाचाही हिशोब असतो: शंभर मीटर लांबीचे पोलाद तापमान तीस अंशांनी वाढले, की सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबते. किर्लोस्करवाडीच्या किंवा कऱ्हाडच्या कारखान्यांत काम केलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. नवी असते ती एवढीच गोष्ट, की येथे यंत्राचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे त्यात बसलेला माणूस.

आणि भूकंप. जपानमध्ये २००० साली उभारलेल्या ‘स्टील ड्रॅगन’ या ९७ मीटर उंच आणि २,४७९ मीटर लांब गाडीला भूकंपासाठी इतके जास्तीचे पोलाद घालावे लागले, की तिचा खर्च त्या काळच्या इतर कोणत्याही रोलर कोस्टरपेक्षा वर गेला. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट ज्यांना आठवते, त्यांना याचे नवल वाटू नये. कोयनेच्या धरणाला त्या दिवशी तडे गेले, पण ते आपल्या वजनावर उभे राहिले, आणि पुढे त्याला जास्तीचा आधार देण्यात आला. रोलर कोस्टरचा मनोरा वजनावर उभा राहू शकत नाही. तो उसासारखा सडपातळ असतो, आणि डोलला तर किती डोलेल याचाच हिशोब करावा लागतो.

थांबण्याविषयी दोनच गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे रेल्वेचा ब्लॉक. एका टप्प्यात एक गाडी असेपर्यंत दुसरी आत सोडायची नाही, हा आपल्या स्टेशनमास्तरांचा नियम येथेही जसाच्या तसा आहे, आणि तो आता संगणक पाळतो. दुसरी म्हणजे चुंबकाचा ब्रेक. धातूचे पाते बलवान चुंबकांच्या मधून गेले, की त्यात निर्माण होणारे विजेचे भोवरेच त्याला मागे खेचतात. त्याला बाहेरून वीज लागत नाही, त्यामुळे वीज गेली तरी ब्रेक जात नाही. आपल्याकडे वीज कधी जाईल हे ठाऊक नसल्यामुळे मला हा शोध विशेष आवडतो.

सगळे उभे राहिल्यावर गाडीत पाण्याने भरलेले मानवाकृती पुतळे बसवतात आणि माणूस बसण्यापूर्वी कितीतरी फेऱ्या रिकाम्या पार्कात मारल्या जातात. तरीही नवेपण भोवतेच. ‘किंगडा का’ सुरू झाल्यावर महिन्याभरातच, जून २००५ मध्ये, तिच्या ओढणीच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ती ऑगस्टपर्यंत बंद राहिली. २००९ साली तिच्यावर वीज पडली. २०२४ च्या नोव्हेंबरात तिने शेवटची फेरी मारली, आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरुंग लावून ती पाडण्यात आली. त्या वेळी तिच्याइतकी उंच रोलर कोस्टर जगात दुसरी सुरू झालेली नव्हती. ओहायोतील किंग्ज आयलंडमध्ये ‘सन ऑफ बीस्ट’ २००० साली लाकडी गाड्यांतील उंचीचा विक्रम करून आली आणि २००९ मध्ये कायमची बंद पडली. तिच्याच शेजारची १९७९ ची ‘बीस्ट’ उंचीत तिच्या जवळपासही नाही, पण ती जंगलातून, जमिनीच्या चढउताराला धरून धावते, आणि आजही चालू आहे. मला विचाराल तर मी ‘बीस्ट’ची आखणी करणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

राहिला तो यवतेश्वराचा प्रश्न. त्या मुलाला मी सांगितले, की आपला कडा दिसायला तुवैकसारखा असला, तरी येथे काळ्या खडकाच्या थरांमध्ये मुरूम आणि लाल मातीचे मऊ पट्टे आहेत, म्हणून पावसाळ्यात घाटात दरडी येतात. वर चार महिने पाऊस आणि धुके. ताशी दोनशेच्या वेगाने पावसाचा थेंब तोंडावर बसला तर तो गोफणीतल्या खड्यासारखा लागेल, म्हणजे गाडी जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंदच ठेवावी लागेल. आणि ज्या पठारावर माणसे फुले पाहायला येतात, तेथे पोलाद रोवू नये असेही मला वाटते. जत्रेतल्या आकाशपाळण्याचा आणि मौत का कुआँचा कारागीर तुझ्यापेक्षा कमी शिकलेला असतो, पण भार कोठे येतो हे त्याला हाताने कळते. तेव्हा तूही आधी हाताने करून पाहा, असे मी त्याला म्हणालो.

त्याने ते मनावर घेतले आहे. जुन्या वायरीतील तांब्याची तार काढून, ती जोडीने वाकवून त्याने गच्चीवर एक रूळ उभा केला आहे आणि त्यावरून तो काचेची गोटी सोडतो. पहिला उतार गोटी व्यवस्थित उतरते. दुसऱ्या वळणावर ती अजून रोज उडते, आणि तो रोज ते वळण थोडे थोडे सैल करतो आहे.

नमस्कार.