नळ कंपनीचा की महापालिकेचा?

[दृश्य: सिडकोतली गल्ली, पहाट. निळे ड्रम, नळाला जोडलेली मोटार.]

निवेदन:
छत्रपती संभाजीनगर. आज या लाइनला पाणी सुटायचा दिवस. 200 लिटरचे ड्रम उघडून ठेवलेत. नळातून आधी नुसती हवा फुसफुसते, मग गढूळ धार. ती धुण्याला काढायची, मगच मोटार लावायची. मोटार सगळेच लावतात, त्यामुळे टोकाच्या घरी करंगळीएवढीच धार पोचते. आणि पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, इथून जेमतेम 50 किलोमीटरवर!

मग पाणी खासगी कंपनीकडे द्यावं का? या शहराने खासगीकरण दोनदा पाहिलंय.

[दृश्य: विजेचे खांब, डीपी.]

मे 2011 मध्ये वीजवितरण जीटीएल कंपनीकडे फ्रँचायजी म्हणून गेलं. दर ठरवणं राज्य वीज नियामक आयोगाच्याच हाती राहिलं. कंपनीने महावितरणकडून ठरल्या भावाने वीज घ्यायची आणि घरोघरची बिलं वसूल करायची. गळती-चोरी जितकी कमी, तितका नफा. भिवंडीत 2007 पासून टोरंट पॉवरने याच पद्धतीने गळती बरीच खाली आणली. इथे महावितरणचे पैसे थकत गेले आणि नोव्हेंबर 2014 मध्ये कारभार परत महावितरणकडे आला.

त्याच वर्षी सप्टेंबरात पाणीपुरवठा खासगी कंपनीने हाती घेतला होता. 2016 मध्ये महापालिकेने तो करारही मोडला. पाणीपट्टी मात्र दरवर्षी 10 टक्क्यांनी चढतच राहिली. अर्धा इंची नळाला वर्षाचे 4050 रुपये झाले, 2022 मध्ये ती निम्मी करावी लागली.

[दृश्य: पाणीपट्टीचं बिल, जवळून.]

आमच्या मते खरी गोम या कागदावर आहे. वीज गेली की युनिट पडत नाही, म्हणजे कंपनीचाही धंदा बुडतो. म्हणून लाइनमन धावतो. पाणीपट्टी ठोक असते. नळ चार दिवसांनी येवो की आठ दिवसांनी, रक्कम तीच. पाणी नाही आलं तरी पुरवणाऱ्याचं काहीच बुडत नाही.

मग मीटर बसवा, असं सांगितलं जातं. लातूरकरांनी मीटरला कडाडून विरोध केला होता. त्यांना नुसतं हट्टी म्हणून कसं चालेल? खंडित पुरवठ्यात पाण्याआधी येणाऱ्या हवेनेही मीटर फिरतं. पाण्याआधी हवेचे पैसे कोण भरेल? आणि 2016 च्या उन्हाळ्यात धरणच आटलं, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. कोरड्या धरणापुढे कोणतीही कंपनी काय करणार?

[दृश्य: पैठण रस्ता, नव्या योजनेचे पाइप.]

जायकवाडीहून शहरासाठी 2500 मिलिमीटर व्यासाची नवी जलवाहिनी टाकण्याचं काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. उद्या ही योजना चालवायला कुणाकडेही द्या, करारात एक कलम हवंच: ठरल्या दिवशी नळाला पाणी आलं नाही, तर त्या पाळीचे पैसे पाणीपट्टीतून वजा. आणि किती वजा झाले, ते बिलावर छापलेलं.