उरलेला एक दिवस

३६५ ला ७ ने भागा. बावन्न आठवडे होतात आणि एक दिवस उरतो. या उरलेल्या दिवसामुळेच प्रत्येक तारीख दरवर्षी एक वार पुढे सरकते. १५ ऑगस्ट २०२५ शुक्रवारी होता, २०२६ चा शनिवारी. मध्ये २९ फेब्रुवारी आली, तर दोन वार: २०२३ चा स्वातंत्र्यदिन मंगळवारी, २०२४ चा थेट गुरुवारी.

२०२५ ची दिनदर्शिका १९४७ शी तंतोतंत जुळली, तेव्हा अनेकांना तो अद्भुत योग वाटला. पण १९५८, १९६९, १९७५, १९८६, १९९७, २००३ आणि २०१४ मध्येही हेच झालं होतं. अकरा, अकरा, सहा अशा अंतराने ते वर्ष फिरून येतं. आता २०३१ ला येईल. अर्थात हे तारीख-वारापुरतंच. तिथी आणि सण आपल्या गतीने चालतात.

मला याहून आवडते ती दुसरी गोष्ट. महाराष्ट्र दिन, गांधी जयंती आणि नाताळ नेहमी एकाच वारी येतात. १ मे ते २ ऑक्टोबर १५४ दिवस, तिथून २५ डिसेंबरपर्यंत ८४. दोन्हींना सातने पूर्ण भाग जातो. १५ ऑगस्ट कायम त्याच्या पुढच्या वारी. लीप वर्षाने यात काही बिघडत नाही, कारण जादा दिवस फेब्रुवारीतच येऊन गेलेला असतो. २६ जानेवारी मात्र या हिशेबात बसत नाही, ती त्या जादा दिवसाच्या आधी येते.

पण वाराचं खरं मोल इतिहासात कळतं. जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या शकवार घटनांच्या जुन्या टिपणात, शिवरायांच्या जन्माची नोंद आहे: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. आपण तारीख म्हणतो १९ फेब्रुवारी १६३०. आजच्या पद्धतीने मागे मोजत गेलात तर त्या तारखेला मंगळवार येतो! मग शकावली चुकली का? मुळीच नाही. १९ फेब्रुवारी ही जुन्या, ज्युलियन गणनेतली तारीख आहे. आजच्या, ग्रेगरी गणनेत तोच दिवस १ मार्च १६३०, आणि त्या दिवशी शुक्रवारच होता.

हे शक्य झालं, कारण गणना बदलताना वारांना कुणी हात लावला नाही. इंग्लंडने १७५२ मध्ये अकरा तारखा गाळल्या. २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला, पण बुधवारनंतर गुरुवारच आला.

म्हणून जुन्या कागदाची नक्कल करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तिथीशेजारचा वार गाळू नका. तृतीयेची पंचमी लिहिली गेली, तर वार जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे सापडते.