फुकट मिळणाऱ्या लसीवरचा संशय

श्रोतेहो, नमस्कार. बाळाला लस का द्यायची, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा त्याची उजळणी मी करीत नाही. लस मोफत असूनही काही आया ती का नाकारतात, याचा शोध घेणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञांच्या कामाविषयी आज बोलायचे आहे. हे अभ्यासक प्रश्नावली भरून घेऊन तासाभरात परतत नाहीत; ते वस्तीत महिनोन्महिने राहतात, आयांबरोबर दवाखान्याच्या रांगेत बसतात आणि घरात शब्द कोणाचा चालतो, तेही पाहतात.

याचे माझे आवडते उदाहरण उत्तर नायजेरियातील आहे. 2003 साली कानो आणि आसपासच्या काही राज्यांनी पोलिओची मोहीम थांबवली, कारण या डोसाने वंध्यत्व येते, अशी वदंता पसरली होती. त्याच कानोत 1996 साली मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराच्या, साथीत एका परदेशी औषध कंपनीने आजारी मुलांवर नव्या औषधाची चाचणी घेतली होती आणि तो राग लोकांच्या मनातून गेलेला नव्हता. उत्तर नायजेरियासारख्याच मुस्लिमबहुल इंडोनेशियात तयार झालेली लस वापरण्याचे ठरले, तेव्हा कुठे 2004 च्या जुलैमध्ये कानोत मोहीम पुन्हा सुरू झाली. तरीही अनेक घरांतून नकार येतच राहिला. सर्वेक्षणाच्या तक्त्यात अशा घरांसमोर ‘नकार’ एवढेच लिहिले जाते. असले तक्ते बैठकीत मांडायला सोयीचे असतात, यापलीकडे त्यांचे कौतुक मला कधी वाटलेले नाही. घरात बसून ऐकणाऱ्या अभ्यासकांना मात्र एक प्रश्न वारंवार ऐकू आला: आमची मुले गोवराने आणि हिवतापाने दगावतात, त्यांच्या औषधाला आम्हाला पैसे मोजावे लागतात, मग जो आजार क्वचितच दिसतो, त्याचेच थेंब फुकट, घरपोच आणि पुन्हा पुन्हा कशासाठी आणता?

पुन्हा सांगतो, श्रोतेहो: संशय लसीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ती आणणाऱ्यांच्या हेतूविषयी होता. हेतूविषयीचा संशय लसीचे गुण सांगणाऱ्या भित्तिपत्रकाने कसा फिटावा?

इतर ठिकाणी कारणे निराळी निघतात. कार्ड हरवले म्हणून परिचारिका चारचौघींत रागावेल, या धास्तीनेही आई केंद्रावर जायचे टाळते.

उत्तर नायजेरियात 2006 पासून मोहिमेचे स्वरूप बदलले आणि पोलिओच्या थेंबांबरोबर इतर लसी, जंताच्या गोळ्या आणि काही ठिकाणी मच्छरदाण्याही देण्यात येऊ लागल्या.