डांबर सुटल्यावर

(अंधार. हेडलॅम्पचे सहा-सात ठिपके. फक्त बुटांचा आवाज.)

पहाटेचे पाच वाजून वीस मिनिटं. डिसेंबर. इंदूर बायपासच्या पलीकडे, कंपेलच्या बाजूला आहोत आपण. आत्ता जो आवाज येतोय ना टप टप टप, तो डांबरावरचा. जरा थांबा. हां, आता ऐका. बदलला. इथे डांबर सुटलं.

आम्ही इंदूरमधला एक साधा हौशी रनिंग क्लब. कोणी बँकेत आहे, कोणाचं दुकान आहे, दोन जण कॉलेजात आहेत आणि ह्या सगळ्यात पुढे पिवळ्या जॅकेटमध्ये दिसतायत त्या आमच्या काकू, त्यांनी पन्नाशी झाल्यावर पळायला सुरुवात केली. आधी आम्ही पण सगळ्यांसारखे सुपर कॉरिडॉरवरच पळायचो. रुंद रोड, दिवे, किलोमीटर मोजायला सोपं. हाफ मॅरेथॉनची सगळी तयारी तिथेच झाली आमची. पण चार वर्षं तोच दुभाजक आणि तेच होर्डिंग बघत पळाल्यावर एकदा काकूच म्हणाल्या, अरे आपण राहतो माळव्यात आणि माळवा बघितलाच नाही.

(उजाडतंय. धुक्यात गव्हाची शेतं, मधून जाणारी गाडवाट. ड्रोन हळूहळू वर.)

हा बघा माळवा.

दोन्ही बाजूला पहिलं पाणी दिलेला गहू आहे, मधे कुठे हरभरा, आणि हा वास कॅमेऱ्यात येत नाही पण लसणाचा आहे. ही मधली वाट साधारण एका बैलगाडीच्या रुंदीची. 1720 च्या सुमारास ह्या परगण्याचं ठाणं कंपेलहून इंदूरला हललं. म्हणजे एके काळी मोठं गाव कंपेल होतं आणि इंदूरची माणसं कामासाठी तिकडे जायची, पायी किंवा गाडीने. ह्या भागात पळताना ते सारखं डोक्यात येतं, निदान माझ्या तरी.

आता वाट सापडते कशी ते सांगतो, कारण सगळे तेच विचारतात.

(लॅपटॉपची स्क्रीन. सॅटेलाइट फोटो, त्यावर बोट फिरतंय.)

पहिल्यांदा सॅटेलाइट फोटो. शेतांच्या मधे अशी बारीक पांढरट रेघ दिसली की आम्हाला वाटायचं झालं, सापडली वाट. तिथे गेलं की कळायचं हा तर नाला आहे, किंवा नुसता बांध, किंवा जेसीबीने कधीतरी पाइपलाइनसाठी खणलेली चर. तीन रविवार असेच गेले. मग आमच्यातल्या एका दादांनी, ते स्वतः शेतकऱ्याच्या घरातले, सांगितलं की अरे पटवारी नक्शा बघा ना, पटवारी म्हणजे आपला तलाठी. गावाचा नकाशा आता राज्याच्या भूलेख साइटवर कोणालाही बघता येतो. खसरा नंबर म्हणजे शेतांचे नंबर, शेतांच्या हद्दी आणि मधून जाणारे रस्ते, जुन्यातले जुने पण.

मग आम्ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवायला लागलो. इकडे फोटो, तिकडे नक्शा.

वाट दोन्हीकडे असली तर प्रश्नच नाही, जीपीएक्स फाइलमध्ये, म्हणजे घड्याळात टाकायच्या मार्गाच्या फाइलमध्ये, ती हिरवी. फोटोत आहे पण नकाशात नाही, म्हणजे ती कोणाच्या तरी शेतातून जाते, तिथे आधी मालकाला विचारायचं. हे आम्ही कधीच टाळत नाही, शनिवारी संध्याकाळी मोटरसायकलने रेकी करायची, चहाच्या टपरीवर बसायचं, कोणाचं शेत आहे ते विचारायचं, त्यांना भेटायचं. आजपर्यंत एकानेही नाही म्हटलेलं नाही. उलट एका शेतकरी काकांनी आम्हाला ट्यूबवेलवर पाणी प्यायला बसवलं आणि वर विचारलं, पण तुम्ही दौडून कुठे जाऊन राहिले?

आणि तिसऱ्या प्रकारची वाट म्हणजे नकाशात आहे, फोटोत नाही. ती आम्ही लाल करतो.

(स्क्रीनवर लाल रेषा. एक, दुसरी, मग बऱ्याच.)

हा रंग बघा किती आहे.

लाल म्हणजे कोणीतरी नांगर थोडा थोडा सरकवत वाट शेतात घेतली, किंवा कोणी जातच नव्हतं म्हणून बाभळी वाढल्या, किंवा वर कॉलनी आली. कागदावर मात्र वाट अजून आहे. मध्य प्रदेशच्या 1959 च्या भू-राजस्व संहितेत कलम 131 आहे, शेतकऱ्याच्या शेतात जायच्या रस्त्यावरून वाद झाला तर तहसीलदार आधीची वहिवाट बघून निर्णय देतो. आणि वाजिब-उल-अर्ज नावाचं गावाचं एक दप्तर असतं, त्यात जाण्यायेण्याच्या हक्कासारख्या रूढी लिहिलेल्या असतात. पळणाऱ्या माणसाला ह्याच्याशी काय करायचं असं वाटेल, मला पण वाटायचं. पण वहिवाट म्हणजे शेवटी काय, लोक तिथून जातात हेच ना. आम्ही दर रविवारी दहा-बारा जण जातो, वेळ आणि तारखेसकट घड्याळात रेकॉर्ड होतं.

(कॉलनीचं गेट. पलीकडे तीच गाडवाट पुढे जाताना दिसते.)

ही वाट मागच्या वर्षी हिरवी होती. आता गेट आहे. पलीकडच्या शेतकऱ्यांना मेन रोडवरून वळसा पडतो.

(बुटांचा क्लोजअप. काळ्या मातीचे गोळे.)

हे जुलैचं फुटेज आहे, मोबाइलवरचं, म्हणून हलतंय. माळव्याची काळी माती. खालच्या बेसॉल्टची झीज होऊन बनलेली, तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात. पावसात प्रत्येक पावलाला बुटाखाली एक थर चढतो, वीस पावलांत बूट दुप्पट जड, चांगल्या खाचांचे ट्रेल शूज घेतले तरी खाचा भरून सपाट होतात. सोयाबीन पेरलेलं असतं, बांधावरून जायचं तर पाय घसरून पिकात, आणि ते आम्हाला करायचं नाही. म्हणून जुलै ते सप्टेंबर आम्ही मुरमाच्या टेकड्या धरतो, राळामंडळच्या बाजूला, जिथे होळकरांची शिकारीची कोठी आहे. सोयाबीन निघालं की परत खाली. कॅलेंडर असं पिकावर चालतं आमचं, आणि पेस पण. रोडवर जो पावणेसहा मिनिटांत किलोमीटर काढतो तो इथे साडेसात मिनिटांनी पळतो आणि घरी गेल्यावर जास्त थकलेला असतो.

(पातालपाणी. धबधब्याचा कडा, खाली दरी, लांबवर रुळांची वळणं.)

माळवा सपाट आहे असं सगळे म्हणतात, दक्षिणेकडे येऊन बघा. महूच्या पुढे पातालपाणी, इथे पठार एकदम संपतं, विंध्याची कड, जवळपास 300 फूट पाणी खाली. हे जे रूळ दिसतायत ते मीटरगेज. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 मध्ये खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं होतं, ती ही लाइन. 2018 मध्ये पातालपाणी ते कालाकुंड हेरिटेज ट्रेन सुरू झाली. आम्ही रुळांवरून पळत नाही, कोणीच पळू नये, बोगदे आहेत. गावकऱ्यांची वाट बाजूने जंगलातून उतरते. पावसात कुंडाजवळ पण नाही जायचं, 2011 मध्ये इथे अचानक लोंढा येऊन माणसं गेली.

(जानापाव. चढ. श्वासांचा आवाज. काकू पुढे.)

आणि हे जानापाव. 854 मीटर. इंदूर साधारण साडेपाचशेवर, म्हणजे घरापासून तीनशे मीटर वर आलोय. वरपर्यंत गाड्या जातात, पक्का रोड आहे, आम्ही मागच्या बाजूच्या पायवाटेने चढतोय, सागाची पानं बुटाखाली वाजतायत तीच वाट. वर परशुरामाचं मंदिर आहे, त्यांचा जन्म इथला मानतात, आणि कुंड आहे. इथून चंबळ निघते.

(माथा. सूर्य. ड्रोन गोल फिरतो.)

आता हा शॉट नीट बघा. डावीकडे उत्तर. तिकडच्या उतारावर पडलेलं पाणी चंबळेतून यमुनेत, मग गंगेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. उजवीकडे दक्षिण, ते नाले नर्मदेला मिळतात आणि नर्मदा अरबी समुद्राला. मधे ही धार, काही ठिकाणी चार माणसं बाजूबाजूला उभी राहतील एवढीच, आणि तिच्यावरून आमचे लोक एका मागे एक पळतायत. 1978 पासून इंदूर नर्मदेचं पाणी पितं, ते खालून पंप करून ह्याच विंध्यावर चढवतात. आज आमच्या बाटल्यांत जे आहे ते पण तेच.

मी इंदूरला जन्मलो, आजी रामबागेतली, तीन पिढ्या इथे. शाळेत नकाशात चंबळ कितीतरी वेळा काढली असेल. पायाने इथे पहिल्यांदा आलो ते एकेचाळिसाव्या वर्षी.

(काही सेकंद फक्त वारा.)

उतरताना उत्तरेची बाजू धरली. हा चंबळेचा पहिला नाला, डिसेंबरात कोरडाच, दगड आणि पळसाची रोपं. नाल्याच्या काठाने वाट खालच्या गावापर्यंत आहे, म्हणजे नकाशात आहे. जमिनीवर ती इथपर्यंत येते, ह्या बोरीच्या झाडापर्यंत. पुढे हरभरा उभा आहे.

(काकू बांधावर उभ्या. शेतातले काका हात करतायत.)

काका म्हणतायत रस्ता त्यांच्या वडिलांच्या वेळी इथूनच होता, गाड्या जायच्या. मार्चमध्ये हरभरा निघाला की या, दाखवतो.

फाइलमध्ये एवढा तुकडा अजून लाल आहे. मार्चचा दुसरा रविवार आम्ही लिहून ठेवलाय.